पासपोर्टावर बावटा नसतो

जर्मनीचं कार्ड वर धरून मी उभी होते. काळा, लाल, पिवळा असे तीन पट्टे. समोर चटयांवर अकरा बायका. मागे प्लास्टिकच्या खुर्चीत प्रोजेक्ट ऑफिसर सावंत सर, मांडीवर फाइल.

"व्हिच कंट्री?" मी विचारलं.

"लंडन," सुनंदा तांडेल म्हणाली.

"गो, काल ह्याच कार्डाक तू दुबय सांगलंस."

"काल दुबय चुकला ना टीचर, म्हणान आज लंडन."

सगळ्या खो खो हसल्या. सावंत सर हसले नाहीत. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

मी कणकवलीच्या एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. रिटायर होऊन मालवणजवळच्या आमच्या वाडीत परत आले. इथे एका संस्थेने होमस्टे चालवणाऱ्या बायकांसाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास काढला आणि टीचर म्हणून मला बोलावलं. मच्छीमार सोसायटीचा हॉल, दुपारची वेळ, आठवड्यातून चार दिवस. होमस्टे म्हणजे स्वतःच्या घरातल्या एक-दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आणि त्यांना घरचं जेवण घालायचं. जेवणात या बायका कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. अडत होतं ते इंग्रजीत. त्यातही जास्त अडत होतं देशांच्या नावांपाशी.

देशांची नावं एवढी कशाला, असं कुणालाही वाटेल. कारण आहे सी फॉर्म. परदेशी पाहुणा घरात राहायला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरून पोलिसांकडे पाठवावी लागते. नाव, पासपोर्ट नंबर, आणि तो कुठल्या देशाचा नागरिक आहे ते. त्या शेवटच्या रकान्यात चूक झाली की पुढचं सगळं अडकतं.

सुनंदाचं अडकलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्याकडे डेन्मार्कचं एक जोडपं उतरलं होतं. फॉर्म भरायला तिने शेजारच्या मोबाइलच्या दुकानात फोन केला आणि सांगितलं, "दोघांव लंडनची." आमच्या वाडीत गोरा माणूस म्हणजे लंडनचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आमच्या नकाशावर तीनच देश. लंडन, दुबई आणि शिप. हो, शिपसुद्धा. "भाव खंय आसा?" तर "शिपवर." बस्स, तो त्याचा देश. दुकानदाराने युनायटेड किंगडमवर टिक केली. पासपोर्ट नंबर डेन्मार्कचा, देश इंग्लंडचा. पोलीस स्टेशनमधून बोलावणं आलं. सुनंदा आणि ते दोघं अर्धा दिवस बाकड्यावर बसून राहिली. कुणी कुणाला शिक्षा केली नाही, चूक दुरुस्त झाली, पण त्या दोघांची कुडाळहून सुटणारी गाडी चुकली. परदेशी पाहुणे पाठवणाऱ्या ट्रॅव्हल कंपनीने सुनंदाच्या खोल्या यादीतून काढून टाकल्या.

नवरा म्हणाला, आता कोल्हापूर-सांगलीचेच पाहुणे घ्यायचे, नसती भानगड नको. गावात बोलणं झालं ते वेगळंच. पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर बसून आलेली बाई म्हणजे काहीतरी केलंच असणार. सुनंदा मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "टीचर, माजो नाव त्या यादीत परत येवक व्हया. मी काय चोर आसंय?"

या क्लासची परीक्षा पास झाली तर कंपनी तिचं नाव परत घेणार होती. नापास झाली तर कायमचं बाद.

आता माझ्या कार्डांबद्दल. फ्लॅशकार्ड म्हणजे जाड कागदाचा पत्ता. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला नाव. चित्र दाखवायचं, नाव वदवून घ्यायचं. मी चोवीस देशांचे झेंडे छापून, लॅमिनेट करून आणले होते. कार्डं इतकी देखणी झाली होती की मी ती माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवली होती. त्यांच्यावर खेळही घेतले. जोड्या लावायचा खेळ घेतला. बिंगो घेतला. थापट्यांचा खेळ घेतला. त्यात कार्डं जमिनीवर पसरायची, मी देशाचं नाव घेतलं की दोघींपैकी जिची थाप आधी पडेल तिला कार्ड. त्या दिवशी हॉलमध्ये बांगड्यांचे तुकडे झाडून काढावे लागले. हसल्या भरपूर. दुसऱ्या दिवशी विचारलं तर पाटी कोरी.

क्लास सुटल्यावर सावंत सरांनी मला बाजूला घेतलं. एरवी ते मालवणीत बोलतात. फाइल हातात असली की शुद्ध.

"टीचर, सहा आठवडे झाले. पुढच्या शुक्रवारी मुंबईहून मॅडम असेसमेंटला येतायत. अकरातल्या आठ तरी पास व्हायला हव्यात. तुम्हाला काय वाटतं?"

"होतील."

"कशा होतील?"

"ते माझं काम. तुम्ही मॅडमच्या जेवणाचं बघा."

तोंडाने मी कधी हार मानलेली नाही. हातात मात्र नऊच दिवस होते.

सावंत सर गेले. सुनंदा चटया गुंडाळत मागे राहिली होती.

"टीचर, एक इचारू? रागावशात."

"रागावतलंय. पण इचार."

"पावणो काय बावटो हातात घेवन येता?"

मी समजावलं, की बावटा लक्षात राहिला की देश लक्षात राहतो. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

"आमच्या होड्येर पण बावटे आसत. दर नारळी पुनवेक बाजारात गावतत ते नवे लावतो. बावटो बघून होडी कोण वळखता? होडी वळखतत ती नाळ बघून." होडीचा पुढचा निमुळता भाग म्हणजे नाळ. "आनी म्हावरा घेताना तुमी काय करतास? वयली चकाकी बघून घेतास? कल्ले उघडून बघतास ना? मग पासपोर्टात उघडून बघूचा काय, ता सांगा. त्येच्यार बावटो आसा?"

ती गेली आणि मी खुर्चीत बसले. राग आला होता. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला मासे विकलेल्या बाईने शिकवावं? ती बरोबर होती म्हणून राग जरा जास्तच आला. घरी जाऊन कपाटातून माझा स्वतःचा पासपोर्ट काढला. मुलीकडे मस्कतला गेले होते तेव्हाचा. पुढून बघितला, मागून बघितला, पान पान उलटलं. राजमुद्रा होती, देशाचं नाव होतं, आत नॅशनॅलिटी होती. बावटा कुठेच नव्हता.

सहा आठवडे मी त्यांना भलतीच गोष्ट पाठ करायला लावत होते. दाखवायला सोपी आणि दिसायला छान, एवढंच तिचं कर्तृत्व.

रविवारी दुपारी मी नवीन कार्डं करायला घेतली. निळा, हिरवा आणि मरून कार्डशीट आणला. प्रत्येक कार्ड मधोमध दुमडलं, पासपोर्टाएवढं. वर इंग्रजीत देशाचं नाव. आत आडनाव, नाव, नॅशनॅलिटी, जन्मगाव. जुन्या मासिकांतले चेहरे कापून चिकटवले. जर्मनी, इटली, डेन्मार्क, पोर्तुगाल, सगळे मुद्दाम मरून रंगाचे केले. खऱ्यातही ते तसेच असतात. रंगावरून ओळखायची सोयच ठेवली नाही.

कार्डं झाली, पण ती खेळायची कशी हा प्रश्न होताच. पुन्हा थापट्या नकोत.

उत्तर संध्याकाळी किनाऱ्यावर सापडलं. बांगडा घ्यायला गेले होते. होड्या लागल्या होत्या आणि लिलाव चालला होता. आमच्याकडे मासळी किनाऱ्यावरच लिलावाने जाते. वाळूत मासळीचे ढीग, भोवती बायकांचं कोंडाळं, मध्ये एकजण बोली पुकारणारा. माझ्या क्लासमधल्या चार जणी त्या कोंडाळ्यात होत्या. क्लासमध्ये दोन शब्द सलग न बोलणारी कुंदाकाकी, वय साठीच्या पुढचं, तिथे वाघिणीसारखी बोली चढवत होती. कुठला ढीग कुठल्या होडीचा, कुणी कुठपर्यंत बोली नेली, कोण कुठे थांबली, हे सगळं तिच्या तोंडपाठ. कागद नाही, पेन नाही. आणि हीच बाई माझ्याकडे इटली विसरत होती!

मी बांगडे न घेताच घरी आले.

सोमवारी हॉलमध्ये चटया गोल मांडल्या. नवीन कार्डं मधोमध ओतली.

"आज लिलाव," मी जाहीर केलं. "ह्यो ढीग देशांचो. पण बोली पैशात नाय, वाक्यात. जिचा वाक्य लांब, तिका कार्ड. मात्र वाक्य खरा व्हया. आतमधी लिवलेला तेवढाच बोलूचा. खोटा बोलली तर बाद."

"पुकारतला कोण?" कुंदाकाकीने विचारलं.

सगळ्यांनी सुनंदाकडे बघितलं. खोल्या बांधायच्या आधी तिने बारा-पंधरा वर्षं मासळी विकली होती. ती पदर खोचून उभी राहिली आणि पहिलं कार्ड उचललं. इटली.

"धिस इज इटली," एक जण म्हणाली.

"ही इज फ्रॉम इटली."

"ही इज फ्रॉम इटली, ही इज इटालियन."

"इटालियन एक वार!" सुनंदाने आवाज लावला. "इटालियन दोन वार! गो काकी, गप कित्याक बसलंस? सोडतंस काय इटली?"

कुंदाकाकी गुडघ्यावर हात टेकून पुढे झाली. कार्ड उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि एका दमात म्हणाली, "ही इज फ्रॉम इटली, ही इज इटालियन, ही वॉज बॉर्न इन रोम, हिज नेम इज मार्को!"

हॉल दणाणला. बाजूच्या ऑफिसातला सोसायटीचा क्लार्क भांडण लागलं असं समजून धावत आला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. काकी इटलीचं कार्ड पदराखाली घेऊन बसली. दोन दिवसांनी विचारलं तेव्हा फक्त इटलीच काय, त्या दिवशी कुठला देश कुणी नेला, हे तिने क्रमाने सांगितलं.

परीक्षेपर्यंत आम्ही दुसरं काही केलं नाही. रोज ढीग बदलायचा. बोली लांबत गेली. कुठे राहतो, कुठून आला, किती दिवस राहणार. मंगळवारी डेन्मार्क निघालं. पुकारणाऱ्याने बोली लावायची नसते, पण सुनंदाने कार्ड हातातून सोडलंच नाही.

"लिलावाक ठेव ना गो ता," कुणीतरी म्हणालं.

"हीच ती माणसां," सुनंदा कार्डाकडे बघत म्हणाली. "लंडनची नाय. डेन्मार्कची. बाकड्यार माज्या बाजूक बसलली. गाडी चुकली तरी माका एक शब्द बोलली नाय."

मग तिनेच पाच वाक्यांची बोली केली. तिच्यावर कुणी बोली चढवली नाही. मी पुढचं कार्ड उचलून दिलं.

बुधवारी सावंत सरांचा फोन आला. "टीचर, तुमच्या क्लासमध्ये लिलाव चालतो असं कानावर आलं."

"बरोबर आलं."

"रिपोर्टात काय लिहू?"

"ॲक्टिव्हिटी बेस्ड लर्निंग लिहा. तुमच्या फाइलला आवडेल."

शुक्रवार आला. मुंबईच्या मॅडम वेळेवर आल्या. चष्मा, सुती साडी, चेहऱ्यावर हसू अजिबात नाही. टेबलावर लॅपटॉप मांडला, त्यावर सी फॉर्म उघडला आणि बाजूला पासपोर्टच्या नमुना फोटोकॉपींचा गठ्ठा ठेवला. मॅडम स्वतः पाहुणा होणार, समोरच्या बाईने पाहुण्याशी बोलून फॉर्म भरायचा. प्रत्येकीला तीन पासपोर्ट. मला मागे बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. ही शिक्षा मला फार जड गेली.

झेंडा कुठेच नव्हता. मी मनातल्या मनात सुनंदाचे पाय धरले.

पहिल्या दोघी बऱ्या गेल्या. कुंदाकाकी तर मॅडमचं वाक्य संपायच्या आत उत्तर देत होती. मग तिच्या तिसऱ्या पासपोर्टवर सगळं गडबडलं. आडनाव रॉड्रिग्ज. सावळा चेहरा, आपल्यासारखाच. जन्मगाव म्हापसा, गोवा. आणि मॅडम पाहुण्याच्या भूमिकेत कोंकणीत बोलायला लागल्या! काकीने बिनधास्त इंडियन म्हणून टाकलं. पाठोपाठ आणखी दोघींनी तेच केलं. मॅडमनी तिन्ही वेळा कागदावर फुली मारली.

त्या पासपोर्टवर नॅशनॅलिटी पोर्तुगीज लिहिलेली होती. गोव्यात पूर्वी पोर्तुगीजांचं राज्य होतं. तेव्हा तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. अनेकांनी ते घेतलंय. ते घेतलं की इंडियाचा पासपोर्ट सोडावा लागतो. माणूस म्हापशाचा, नोकरी इंग्लंडात, पासपोर्ट पोर्तुगालचा. माझा मावसभाऊ बेनी अगदी असाच आहे. माझ्या घरात जिवंत उदाहरण होतं आणि मी रोम-पॅरिस शिकवत बसले होते. कार्डांत पोर्तुगाल होतं, पण त्यावर मी कुठलातरी गोरा चेहरा चिकटवला होता. म्हणजे लंडनवाली चूक मीही करून ठेवलीच होती.

सुनंदाचा नंबर सहावा. पहिले दोन पासपोर्ट बरोबर. तिसरा आला.

"हांव गोंयचो," मॅडम म्हणाल्या. "फॉर्म कित्याक? हांव आपलोच न्हय?"

सुनंदा गोंधळली. फोटो बघितला, मॅडमकडे बघितलं. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघायला लागले. दुसरं काय करणार?

"पासपोर्ट प्लीज," सुनंदा म्हणाली. पासपोर्ट समोरच होता, तरी म्हणाली. हातात घेऊन नाकाजवळ नेला आणि बोट ठेवून ओळ न्‌ ओळ वाचायला लागली. कुणाला घाई नव्हती, मला सोडून.

"व्हेअर यू बॉर्न?"

"म्हापसा."

"व्हेअर यू लिव्ह?"

"इंग्लंड."

"इंग्लंड," सुनंदाने म्हटलं आणि लॅपटॉपवर तिचं बोट यादीतल्या युनायटेड किंगडमवर गेलं. दोन वर्षांपूर्वीची तीच टिक. बोट तिथे थांबलं. मग यादीत वर सरकलं. पोर्तुगाल.

"आर यू शुअर?" मॅडमनी विचारलं. "ही स्पीक्स कोंकणी."

सुनंदा ताठ बसली. किनाऱ्यावर लागतो तसा आवाज लागला.

"ही स्पीक्स कोंकणी, ही वॉज बॉर्न इन गोवा, ही लिव्ह्ज इन इंग्लंड, ही ईट्स माय फिश करी, ही इज माय गेस्ट. बट पासपोर्ट इज पोर्तुगाल. आय राइट पासपोर्ट."

मागून कुंदाकाकी पुटपुटली, "तीन वार." मॅडमना त्याचा अर्थ कळणं शक्य नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

"मोठ्या हॉटेलांच्या रिसेप्शनवरसुद्धा हा पासपोर्ट चुकतो," त्या सावंत सरांना म्हणाल्या. "यांना कुणी शिकवलं?"

सावंत सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी नाही म्हणून मान हलवली, कारण तेवढा पासपोर्ट मी शिकवलेला नव्हता. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असं मला वाटलं नाही. तीस वर्षांत माझी मुलं बोर्डात आली आहेत, डॉक्टर झाली आहेत. पण त्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये जो अभिमान वाटला, तो वेगळाच होता.

अकरातल्या नऊ जणी पास झाल्या. कुंदाकाकीही, एक फुली घेऊन. उरलेल्या दोघी पुढच्या वेळी बसणार आहेत. महिनाभरात सुनंदाचं नाव यादीत आलं. तिने ती यादी मोबाइलवर सगळ्या वाडीला दाखवली. ज्या घरांत तिच्याबद्दल बोलणं झालं होतं तिथे जरा जास्त वेळ थांबून दाखवली. पहिले पाहुणे हॉलंडचे आले. फॉर्म तिने स्वतः भरला.

मग नाताळ आला. बेनी आणि त्याची बायको दरवर्षीसारखी माझ्याकडे उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा डबा घेऊन आली. व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या बेनीकडे बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"टीचर, ह्यांचो फॉर्म भरलात?"

"कसलो फॉर्म? भाव आसा माजो!"

"भाव आसा ता बरा आसा. पासपोर्ट खंयचो?"

मी बेनीकडे बघितलं. नातेवाइकाच्या घरी उतरला तरी परदेशी नागरिकाची नोंद करायची असते, हे तिने पोलीस स्टेशनात विचारून घेतलं होतं. मी इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं. बेनी हसायला लागला, म्हणाला, "गो सुनंदा, माका तू ल्हानपणापासून वळखतंस मगे?"

"वळखतंय," ती म्हणाली. खुर्ची ओढून बसली, मोबाइल काढला आणि हात पुढे केला. "पासपोर्ट प्लीज."

बेनी निमूटपणे उठून आत गेला.

शिकवण्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं मात्र सांगू शकते. विद्यार्थी तयार झाला की पहिली चूक टीचरची काढतो. त्याने ती काढली नाही, तर समजावं की आपलं शिकवणं अजून बाकी आहे.